मुलांसोबत सिंदखेडराजा: जिजाऊंच्या माहेरचा वाडा

सुट्टीत मुलांना किल्ला दाखवायचा म्हटले की बहुतेक कुटुंबांची पावले सह्याद्रीकडे वळतात. रायगड, प्रतापगड, शिवनेरी ही नावे मुलांना तोंडपाठ असतात. बुलडाणा जिल्हा मात्र त्यांना ठाऊक असतो तो शेगावमुळे. दरवर्षी लाखो भाविक श्री गजानन महाराजांच्या दर्शनासाठी जिल्ह्याच्या उत्तर भागात येतात आणि तेथूनच परततात. शिवचरित्राचे पहिले पान ज्या गावात उघडते, ते सिंदखेडराजा याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे, याची अनेक पालकांना कल्पनाही नसते.

राजे लखुजीराव जाधव यांचा हा गाव. त्यांची कन्या जिजाऊ यांचा जन्म येथील राजवाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी, पौष पौर्णिमेला झाल्याचे मानले जाते. चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकलेल्या मुलाला हे नाव नवे नसते. पण प्रत्यक्ष गावात पोहोचल्यावर त्याची पहिली प्रतिक्रिया अनेकदा निराशेची असते. डोंगर नाही, बुरुजांची रांग नाही, चढण नाही, तटावरून खाली दिसणारी दरी नाही. भर वस्तीत, रस्त्याच्या कडेला एक भव्य दरवाजा उभा राहतो आणि त्यामागे भिंती व चौथरे दिसतात. म्हणून निघण्यापूर्वीच मुलांना सांगून ठेवावे, की आपण लढाईचा गड पाहावयास जात नसून एका मातब्बर सरदाराचे राहते घर पाहावयास जात आहोत. ही पूर्वसूचना मिळालेली मुले वाड्यात अधिक रमतात. स्वयंपाक कोठे होत असेल, घोडे कोठे बांधत असतील, पाणी कोठून आणत असतील, असे प्रश्न ती आपण होऊन विचारू लागतात. दगडी तटापेक्षा घराविषयी प्रश्न विचारणे मुलांना सोपे जाते.

राजवाड्याचे महाद्वार अद्याप भक्कम आहे. आत महालांचे अवशेष, तळघरे आणि जिजाऊंचे जन्मस्थान दाखविले जाते. जन्मस्थानापाशी मोठी माणसे हात जोडतात. मुलांना तळघराचे आकर्षण अधिक. दोन्ही गोष्टींना वेळ द्यावा. गावातील रंगमहालाविषयी एक कथा हमखास ऐकावयास मिळते. रंगपंचमीच्या सोहळ्यात लहानग्या जिजाऊ आणि शहाजी यांनी एकमेकांवर रंग उधळला, लखुजीराव कौतुकाने जोडा शोभतो असे बोलून गेले आणि मालोजीराजांनी तो शब्द धरून ठेवला, अशी ती कथा. बखरींतून आलेली ही गोष्ट मुलांना अतिशय आवडते. ती जरूर सांगावी; मात्र ही परंपरेने चालत आलेली कथा आहे, एवढेही सोबत सांगावे. दहा वर्षांच्या मुलाला कथा आणि कागदोपत्री इतिहास यांतील फरक समजतो.

खरी कसोटी लागते ती गावातील दुसऱ्या वास्तूपाशी. लखुजीरावांची समाधी ही घुमट असलेली विशाल चौरस इमारत आहे. इतकी मोठी समाधी कोणाची आणि का, हा प्रश्न मुले विचारतातच. त्याचे उत्तर अप्रिय आहे. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व रघोजी आणि नातू यशवंतराव यांची दगा देऊन हत्या करण्यात आली. जाधव घराणे आपले कूळ देवगिरीच्या यादवांशी जोडते. त्याच देवगिरीवर हे घडले. त्यापूर्वी खंडागळे यांच्या बिथरलेल्या हत्तीवरून उसळलेल्या भांडणात जिजाऊंचे बंधू दत्ताजी आणि शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी असे दोघेही मारले गेले होते. म्हणजे माहेर आणि सासर यांच्यामध्ये रक्त सांडलेले, आणि नंतर वडील, दोन भाऊ व भाचा एकाच दिवशी गेलेले. या घटनेनंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

अनेक पालक हा भाग वगळतात. सहलीचा विरस होईल, मुले घाबरतील, अशी त्यांची भावना असते. परंतु हा भाग वगळला तर समाधी ही केवळ एक मोठी इमारत उरते आणि जिजाऊ म्हणजे पाठ्यपुस्तकातील चित्र. परक्या दरबारात कितीही मान असला तरी जिवाची शाश्वती नाही, हे ज्या स्त्रीने आपल्या घरातील चार मृत्यूंतून पाहिले, तिने मुलाला कोणत्या गोष्टी सांगितल्या असतील, हे समाधीच्या सावलीत बसून मुलांना विचारावे. पाच-सहा वर्षांच्या बालकाला तपशील नको. राजाने विश्वासघात केला, एवढे पुरे.

समाधीच्या परिसराने २०२४ मध्ये साऱ्या राज्याचे लक्ष वेधून घेतले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे जतनकार्य सुरू असताना काही दगड दिसले, खोदकामात जुन्या मंदिराचे अवशेष लागले आणि जून महिन्यात शेषशायी विष्णूची मूर्ती उजेडात आली. सुमारे १.७० मीटर लांब आणि एक मीटर उंच अशा या मूर्तीत विष्णू शेषावर पहुडलेला असून लक्ष्मी पाय चुरत आहे. समुद्रमंथनाचा प्रसंगही कोरलेला आहे. सतराव्या शतकातील समाधीशेजारी, जमिनीखाली त्याहून कितीतरी जुने मंदिर दडलेले होते, ही बाब मुलांच्या कल्पनाशक्तीला कोणत्याही गोष्टीहून अधिक खाद्य पुरविते. येथे जमीन म्हणजे इतिहासाचे कपाट आहे, असे एखादे मूल म्हणाले तर नवल नाही.

गावात पाहण्यासारखे आणखीही बरेच आहे. काळ्या दगडातील जाड भिंतींचा काळाकोट, नीलकंठेश्वराचे प्राचीन मंदिर, कोरीव मूर्तींमुळे ओळखली जाणारी पुतळा बारव. मात्र वेळ थोडा असल्यास मोती तलाव आणि चांदणी तलाव यांना प्राधान्य द्यावे. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजली वास्तू आहे. तलाव भरलेला असला की तिचे खालचे मजले पाण्यात जातात. पावसाची नेहमीच विवंचना असलेल्या या मुलखात जाधवांनी वाड्याइतकेच लक्ष पाण्याकडे दिले होते, हे तलाव व बारव पाहिल्यावर सांगावे लागत नाही. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते जानेवारी या काळात तलावांत पाणी आणि हवेत गारवा असा दुहेरी लाभ होतो. मे महिन्यात दुपारी हे दगड तापतात. मुलांना घेऊन त्या वेळी हिंडणे म्हणजे आजाराला आमंत्रण. उन्हाळ्यातच जावे लागले तर सकाळी लवकर वाडा व समाधी पाहून अकराच्या आत सावली गाठावी.

बारव व तलावांच्या काठावर लहान मुलांचा हात सोडू नये. पायऱ्या निसरड्या असतात आणि कठडे सर्वत्र नाहीत. तळघरात उतरताना हाती विजेरी असावी. आणखी एक सूचना मोठ्यांसाठी आहे. जुन्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे आणि बदामाची चित्रे ही मुलांनी केलेली नसतात.

दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवानिमित्त राज्यभरातून प्रचंड जनसमुदाय येथे लोटतो. तो सोहळा एकदा अनुभवावा असाच आहे, पण त्या दिवशी वास्तू निवांत पाहणे शक्य नसते. लहान मुले सोबत असतील तर जन्मोत्सवाचा आठवडा टाळून जाणे श्रेयस्कर.

सिंदखेडराजासाठी सर्वांत सोयीचे रेल्वेस्थानक म्हणजे जालना. तेथून हे गाव सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि एसटी तसेच खासगी वाहने मिळतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून दोन्ही बाजूंनी मोटारीने येणे सुलभ झाले आहे. शेगावहून यायचे तर खामगाव, चिखली, देऊळगावराजा असा निदान तीन तासांचा प्रवास आहे. वाटेत मुलांना एक खेळ देता येतो: देऊळगावराजा, किनगावराजा, मेहुणाराजा, आडगावराजा, अशी ‘राजा’ जोडलेली गावे पाट्यांवर शोधण्याचा. या गावांची नावे जाधव घराण्याच्या शाखांशी निगडित असल्याचे सांगितले जाते.

मुक्काम करावयाचा असल्यास लोणार उत्तम. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, खारे सरोवर आणि गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर यांना पूर्ण दिवस लागतो. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान तेथे आहे. थोड्या मोठ्या, इतिहासाची गोडी लागलेल्या मुलांना सिंदखेडराजा तालुक्यातीलच साखरखेर्डा दाखवावे. १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्कने मुबारिझखानाचा येथे पराभव केला आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया घातला गेला. विजयाची आठवण म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले. पाहण्यास तेथे फारसे काही नाही, त्यामुळे लहानग्यांना कंटाळा येईल.

केवळ शेगावपर्यंतच येणाऱ्यांनाही बाळापूर जवळ पडते. अकोला जिल्ह्यातील या गावी मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला असून तो १७५७ मध्ये पूर्ण झाला. नदीकाठची छत्री मिर्झाराजे जयसिंग यांची. पुरंदरच्या तहामुळे हे नाव मुलांनी वर्गात ऐकलेले असतेच.

मुंबई-पुण्याकडे परतणाऱ्या कुटुंबांनी शक्य असल्यास जालन्याहून छत्रपती संभाजीनगरमार्गे दौलताबाद गाठावे. मुलांना हवा असलेला चढ, खंदक आणि अंधारी तेथे आहे. जिजाऊंचे वडील आणि भाऊ ज्या दरबारात मारले गेले, तो याच किल्ल्यात भरत असे.