मालवण सागरी अभयारण्य

मालवण सागरी अभयारण्य हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण शहरालगतच्या अरबी समुद्रातील संरक्षित क्षेत्र आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये १३ एप्रिल १९८७ रोजी ते घोषित करण्यात आले. त्याचे एकूण क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र व उर्वरित २५.९४ चौरस किलोमीटर बाह्य क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या भोवतालचे पाण्याखालील खडक गाभा क्षेत्रात येतात. समुद्राचा आनंद घेण्यासाठी येणारे पर्यटक, समुद्रावर पोट असलेले मच्छीमार आणि समुद्रातील जीवसृष्टी या तिघांचे हितसंबंध एकाच लहानशा पाणपट्ट्यात एकवटल्यामुळे राज्यातील सागरी संवर्धनाच्या चर्चेत या अभयारण्याचा उल्लेख वारंवार होतो.

भूगोल व जीवसृष्टी

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला असून त्यातील सुमारे १२१ किलोमीटर सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली व देवबाग ही गावे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसली आहेत. मालवणसमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. किल्ल्याभोवतीचे बुडलेले खडक शत्रूच्या गलबतांना धोक्याचे ठरत. आज तेच खडक प्रवाळ, समुद्रशैवाल, शिंपले आणि माशांच्या पिलांचे आश्रयस्थान आहेत.

येथील प्रवाळ लक्षद्वीप किंवा अंदमानसारखे विस्तीर्ण भित्ती बांधणारे नाहीत. खडकांना धरून वाढणाऱ्या लहान वसाहती असेच त्यांचे स्वरूप आहे. टर्बिनेरिया व पोराइट्स या प्रजाती त्यांत आढळतात. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडे पाणी मोठ्या प्रमाणावर समुद्रात येत असताना हे प्रवाळ तग धरतात, यामुळे अभ्यासकांना त्यांच्याविषयी विशेष कुतूहल आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१४ नंतरच्या वर्षांत येथे प्रवाळांचे विरंजन, म्हणजे समुद्राचे तापमान वाढल्याने प्रवाळ पांढरे पडण्याची प्रक्रिया, नोंदवली आहे. परिसरात कुबडे डॉल्फिन दिसतात, तर जिल्ह्यातील वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. विजयदुर्गपासून पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर, खुल्या समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळयुक्त उंचवटा आहे. तो या अभयारण्याचा भाग नाही.

अभयारण्याच्या घोषणेस विरोध

घोषणेपासूनच मच्छीमारांचा अभयारण्यास विरोध राहिला. आपल्याला विश्वासात न घेता नकाशावर रेषा ओढल्या गेल्या आणि त्यामुळे पिढ्यानपिढ्यांच्या मासेमारीच्या जागा जातील, ही त्यांची मुख्य तक्रार होती. किनाऱ्यालगत लहान होड्यांनी मासेमारी करणाऱ्यांना ही भीती अधिक वाटणे स्वाभाविक होते. मोठी नौका संरक्षित क्षेत्र टाळून पुढे जाऊ शकते, पण लहान होडीची धाव मर्यादित असते. परिणामी अनेक वर्षे अभयारण्य प्रामुख्याने कागदावर राहिले आणि त्याच्या पाण्यात मासेमारी व पर्यटन दोन्ही चालू राहिले. राज्य शासनाने २०१२ मध्ये स्थापन केलेल्या कांदळवन कक्षाकडे पुढे सागरी जैवविविधतेची जबाबदारी आली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी एक प्रकल्प २०११ पासून काही वर्षे राबवण्यात आला. त्यात मनाईपेक्षा उपजीविकेच्या पर्यायांवर भर होता. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाकडील भागास ४० मिलिमीटरचे चौकोनी आस वापरणे, खेकडा व कालव पालन, आणि महिला बचत गटांमार्फत कांदळवन सफर हे त्यातील उपक्रम होते. साधे आस ओढ बसताच मिटतात, तर चौकोनी आस उघडे राहतात व लहान मासे निसटू शकतात.

मासेमारी: रापण आणि पर्ससीन

मालवण किनाऱ्यावरील जुनी सामूहिक पद्धत म्हणजे रापण. होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळाकार सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायची आणि आलेली मासळी ठरलेल्या वाट्यांनुसार वाटून घ्यायची, अशी ही रीत आहे. गाबीत समाजातील रापणकार संघांनी ती टिकवली. रापणीसाठी बांगडा, तारली यांसारख्या माशांचे थवे किनाऱ्याजवळ येणे आवश्यक असते. रापणकारांना खोल पाण्यात जाऊन थव्याचा पाठलाग करता येत नाही.

पर्ससीन नौका नेमका तोच पाठलाग करतात. थवा दिसताच त्याला जाळ्याने वेढा घातला जातो आणि खालचा दोर ओढून जाळे बटव्यासारखे मिटवले जाते. एका फेऱ्यात संपूर्ण थवा हाती लागू शकतो. कर्नाटक व गोव्याकडील वेगवान ट्रॉलर, लहान आकाराच्या मिनी पर्ससीन नौका आणि रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याची पद्धत यांमुळे पारंपरिक मच्छीमारांचा असंतोष वाढत गेला. प्रकाशाकडे प्रथम सूक्ष्म जीव व लहान मासे आणि त्यांच्या मागे मोठे मासे व म्हाकुल येतात. त्यामुळे या पद्धतीत वयाचा किंवा जातीचा विवेक राहत नाही. किनाऱ्यावर व समुद्रात हा वाद हातघाईवर आल्याचे प्रसंगही घडले. मात्र पारंपरिक जाळे नेहमीच निरुपद्रवी असते, असे मानणे योग्य नाही. रापणीच्या बारीक आसाच्या जाळ्यातही पिले सापडतात. फरक मुख्यतः प्रमाणाचा आहे.

पकडलेल्या तारलीचा बराच भाग ताटात येत नाही. किनारी भागातील कारखान्यांत तिच्यापासून मत्स्यचूर्ण व तेल काढले जाते आणि त्या चुऱ्याचा उपयोग कोंबड्या व कोळंबीच्या खाद्यात होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडसारख्या, समुद्र न पाहिलेल्या गावांपर्यंत हा व्यवहार अशा आडवाटेने पोहोचतो. सुकट-बोंबलाची वाट अर्थात त्याहून जुनी आहे.

कायदे व निर्बंध

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातील मासेमारीचे नियमन राज्य शासन करते. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा मूळ कायदा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. अनेक जातींच्या प्रजननाचा हा काळ आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची कोळी व गाबीत समाजांची प्रथा या बंदीपूर्वीची आहे.

पर्ससीनच्या प्रश्नावर राज्याने डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या शिफारशींच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला. त्यानुसार नवे परवाने थांबवण्यात आले, राज्यातील परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरले आणि पर्ससीन मासेमारीस सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळात मुभा देण्यात आली. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासेमारीवर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यापूर्वी गुन्ह्यांची सुनावणी तहसीलदारांपुढे होत असे व दंडाची रक्कम नौकामालकांना किरकोळ वाटे. दुरुस्तीनंतर सुनावणीचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. अवैध पर्ससीन मासेमारीसाठी १ ते ६ लाख रुपये आणि एलईडी मासेमारीसाठी ५ ते २० लाख रुपये दंडाची तरतूद झाली. अंमलबजावणी हा वेगळा प्रश्न आहे. रात्रीच्या समुद्रात नौका पकडण्यासाठी वेगवान गस्तीनौका आणि पुरेसे कर्मचारी लागतात.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन सागरी मासळी उतरवली गेली. हे ४५ वर्षांतील नीचांकी उत्पादन होते. त्या वर्षी अरबी समुद्रातील चक्रीवादळांमुळे मासेमारीचे अनेक दिवस वाया गेले होते, त्यामुळे संपूर्ण घट अतिमासेमारीच्या माथी मारता येत नाही. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याजोग्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले आणि त्याच वर्षी रुपेरी पापलेटला ‘राज्य मासा’ घोषित केले. संस्थेने पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, तर सुरमईसाठी ३७० मिलिमीटर अशी किमान लांबी सुचवली होती. एकदाही अंडी न घातलेला मासा बाजारात येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

जाळ्यात अडकलेली कासवे, डॉल्फिन, देवमुशी अर्थात व्हेल शार्क इत्यादी संरक्षित प्राणी सोडताना जाळे कापावे लागते. त्याची भरपाई म्हणून कमाल २५,००० रुपये देण्याची योजना राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. मच्छीमारांना आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून संवर्धनात सामील करणारी तरतूद म्हणून ती दंडाच्या कलमांहून अधिक महत्त्वाची मानावी लागते.

पर्यटन

सिंधुदुर्ग जिल्ह्यास १९९७ मध्ये पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला. त्यानंतर तारकर्ली, देवबाग व मालवण येथे न्याहारी-निवास, डॉल्फिन दर्शन, स्नॉर्कलिंग आणि स्कूबा डायव्हिंग झपाट्याने वाढले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली. स्थानिक तरुणांना पाण्याखालील मार्गदर्शक होण्याचे शिक्षण मिळाल्याने मासेमारी करणाऱ्या घरांत दुसरे उत्पन्न आले. कर्लीच्या मुखाशी असलेला, ‘त्सुनामी आयलंड’ या नावाने प्रसिद्ध झालेला वाळूचा उंचवटा जलक्रीडांचे केंद्र बनला आहे.

या वाढीची किंमतही समोर आली. खडकांवर टाकलेले नांगर, प्रवाळांवर पाय देऊन उभे राहणारे नवखे पर्यटक आणि छायाचित्रासाठी मासे जवळ यावेत म्हणून त्यांना घातले जाणारे खाद्य यांचा जीवसृष्टीवर परिणाम होतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कूबा पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रवासीसंख्या, जीवरक्षक जॅकेट आणि परवाने यांबाबत कडक नियमांची मागणी पुढे आली. पर्यटकांच्या ताटातील सुरमईची मागणी आणि सुरमईची घटती लांबी यांचा संबंधही स्थानिक खानावळींना नवा नाही.

जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती तयार करण्याची राज्य शासनाची योजना आहे. नैसर्गिक खडकांवरील पर्यटकांचा भार त्यामुळे हलका होईल, अशी अपेक्षा व्यक्त केली जाते.

लाटांवर स्वार होण्याचा सर्फिंग हा खेळ मालवणात अद्याप बाल्यावस्थेत आहे. पावसाळ्यात येथील समुद्र अतिशय धोकादायक असतो, तर उन्हाळ्यात लाटा बहुधा सौम्य असतात. भारतात या खेळाची सुरुवात कर्नाटकातील मुल्की येथे २००४ मध्ये स्थापन झालेल्या मंत्रा सर्फ क्लबशी जोडली जाते. तमिळनाडूत चेन्नईजवळच्या कोवलम येथे मच्छीमार कुटुंबांतील मुलेच उत्तम सर्फर व प्रशिक्षक बनली. चांगली लाट समुद्रतळाच्या घडणीवर अवलंबून असते. खडक, प्रवाळ किंवा वाळूची पट्टी बदलली की लाटही बदलते. त्यामुळे जगभर सर्फर किनाऱ्याच्या रक्षणासाठी संघटित झाले. कॅलिफोर्नियात १९८४ मध्ये सर्फरायडर फाउंडेशन आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये १९९० मध्ये सर्फर्स अगेन्स्ट सुएज या संस्था स्थापन झाल्या, त्या मुख्यतः सांडपाणी व बांधकामांविरुद्ध.

अन्य देशांतील अनुभव

मालवणच्या संदर्भात मेक्सिकोतील काबो पुल्मो या राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण अनेकदा दिले जाते. तेथील मच्छीमार कुटुंबांच्याच पुढाकाराने १९९५ मध्ये सुमारे ७१ चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित झाला. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तेथील माशांचे एकूण जैवभार ४६३ टक्क्यांनी वाढल्याचे संशोधकांना आढळले आणि कुटुंबे पाणबुडी पर्यटनावर जगू लागली. ही तुलना जपून करावी लागते. काबो पुल्मो हे विरळ वस्तीचे गाव आहे, तर मालवण हे बंदर, बाजारपेठ आणि तालुक्याचे ठाणे आहे. येथील सर्वच मच्छीमारांना पर्यटनात सामावून घेणे शक्य नाही. शिवाय पर्यटनाचा हंगाम पावसाळ्यात थांबतो आणि मासेमारीबंदीही त्याच महिन्यांत येते, त्यामुळे दोन्हींवर अवलंबून असलेल्या घरांची आवक एकदमच आटते.