करारातील एक कलम

गिरणीच्या हजेरीपटावर बाळंतपणाला जागा नव्हती. कामावर आली तर मजुरी, न आली तर काही नाही, हा मालकाचा सरळ हिशेब होता. 1919 साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूतीच्या आधी सहा व नंतर सहा आठवड्यांच्या रजेचा ठराव संमत केला. त्या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. परत आल्यावर काही वर्षांनी, 1924 साली, त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई प्रांताने मात्र 1929 मध्ये स्वतःचा कायदा केला. गिरणीतील बाळंतिणीला दिवसाला आठ आणे मिळू लागले. त्या विधेयकावर जुलै 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकासही त्यातून सुटता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हांस ते आजही पटते. कारण सारा खर्च एकट्या मालकावर टाकला की बाईला कामावरच न घेण्याचा मोह त्याला होतो.

1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली आणि आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. या कायद्याहून कमी देणारा कोणताही करार चालणार नाही, अधिक देणारा चालेल, असे त्याने ठरवले. गरजू माणूस सही करताना कलमे वाचत नाही, आणि वाचली तरी नाकारू शकत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

तरीही एअर इंडियाच्या सेवानियमांत हवाई सुंदरींसाठी वेगळेच कलम होते. वयाची पस्तिशी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह किंवा पहिले गर्भारपण, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा नोकरी संपे. नर्गेश मिर्झा व त्यांच्या सहकारिणींचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 28 ऑगस्ट 1981 रोजी न्यायमूर्ती फझल अली यांनी निकाल दिला. विवाहाची मुभा द्यायची आणि मूल होताच घरी बसवायचे, ही मनमानी असून भारतीय स्त्रीत्वाचा अवमान आहे, असे ठरवून न्यायालयाने गर्भारपणाचे कलम रद्द केले. पहिल्या चार वर्षांतील विवाहबंदी मात्र कायम राहिली.

त्यानंतर सतराव्या दिवशी, 14 सप्टेंबरला, पोप जॉन पॉल दुसरे यांचे श्रमविषयक विश्वपत्र प्रसिद्ध झाले. ते मेमध्येच, पोप लिओ तेरावे यांच्या 1891 च्या विश्वपत्राच्या नव्वदाव्या वर्षदिनी, यायचे होते. 13 मे रोजी पोपमहोदयांवर गोळीबार झाल्याने लांबले. लिओ यांनी स्त्रीचे स्थान घरात मानले होते. जॉन पॉल यांनी मातृत्वाचा मान राखलाच, पण आई असण्यासाठी स्त्रीला नोकरीत मागे राहावे लागू नये, कामाची रचनाच तशी असावी, असेही लिहिले. दिल्ली आणि रोम यांना एकमेकांची वार्ता नव्हती. तरी एकाच ऋतूत दोघांच्या लेखणीतून जवळजवळ एकच गोष्ट उतरली.

जवळजवळ, असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. त्याच निकालात न्यायालयाला तिसऱ्या गर्भारपणी नोकरी संपवणे लोकसंख्येच्या कारणास्तव योग्य वाटले. येथे आमचा मतभेद आहे. तिसऱ्या बाळाच्या आईचा थकवा पहिल्या खेपेपेक्षा कमी नसतो आणि तिची चूलही पगारावरच पेटते. 2017 च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांवर नेली. दोन मुले हयात असलेल्या स्त्रीला मात्र पुढच्या बाळंतपणासाठी बाराच आठवडे ठेवले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो भेद तसाच उतरला आहे.