वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी

नेमणुकीचा आदेश हाती ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर धाडायचे, ही आपल्या शिक्षणखात्यांची जुनी रीत. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षांच्या मानधनाचा विचार तीत जितका झाला, तितका त्या तीन वर्षांतील घडणीचा झाला नाही, असे माझे मत आहे.

या बाबतीत पं. विष्णु नारायण भातखंडे अधिक दूरदर्शी होते. पेशाने ते वकील. कदाचित म्हणूनच व्यवस्थेची जाण पक्की. ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९१८ साली संगीत विद्यालय सुरू झाले, ते शिक्षकांच्या तयारीनंतर. दरबारने निवडलेले गायक आधी मुंबईला भातखंड्यांकडे पाठविण्यात आले. राजाभैया पूछवाले त्यांतलेच. ही मंडळी गाण्यात नवशिकी नव्हती. परंतु समोर बसलेल्या एका शिष्याला तालीम देणे वेगळे आणि तासाची घंटा, स्वरलिपी व ठरलेला अभ्यासक्रम सांभाळून वर्गाला शिकविणे वेगळे, हे भातखंड्यांनी ओळखले होते. राजाभैया पुढे त्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले.

लखनौची गोष्ट निराळी. १९२४ व १९२५ च्या संगीत परिषदा तेथेच भरल्या आणि १९२६ मध्ये राय उमानाथ बली प्रभृतींच्या खटपटीने मॅरिस कॉलेज उघडले. नाव गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचे. तबल्याला खलिफा आबिद हुसेन खाँ, सरोदला सखावत हुसेन खाँ असे घराण्यांत मुरलेले उस्ताद तेथे शिकवीत. अशा कलावंतांना कोण प्रशिक्षण देणार? १९२८ साली भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्यपदी आले. फैयाज खाँ यांची तालीम आणि मुंबई विद्यापीठाची पदवी, दोन्ही त्यांच्यापाशी होते. त्यामुळे घराणे आणि वर्ग या दोहोंची भाषा त्यांना येई.

त्यांनी पुढचे शिक्षक घरातच घडविले. बैलहोंगलचे के. जी. गिंडे अकराव्या वर्षी लखनौला आले, रातंजनकरांच्या घरी राहिले, शिकले आणि त्याच कॉलेजात शिकवू लागले. गुरू कसा शिकवितो हे ते वर्षानुवर्षे पाहत होते. आपल्याकडील आठवड्याभराच्या उद्बोधन वर्गाशी त्याची तुलना करणे अन्यायाचे होईल. अर्थात प्राचार्याच्या घरावर चालणारी ही पद्धत हजारोंच्या भरतीला पुरणारी नाही. ग्वाल्हेरची मात्र पुरू शकते. तिला लागतात शाळा उघडण्यापूर्वीचे काही महिने आणि त्या महिन्यांचा पगार. वित्त विभागाशी नेमके येथेच अडते.

गिंडे पुढे मुंबईत वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य झाले. मॅरिस कॉलेजला नंतर भातखंड्यांचेच नाव मिळाले. आज ते विद्यापीठ आहे.