एका अवतरणचिन्हाचा इतिहास

२५ डिसेंबर १९९८ रोजी ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकाचा ५४ वा अंक प्रसिद्ध झाला. त्यात जेफ फॉरिस्टल यांनी ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाने विंडोज एनटीवर चालणाऱ्या संकेतस्थळांतील त्रुटींविषयी लेख लिहिला होता. संकेतस्थळावरील अर्जाच्या चौकटीत माहितीऐवजी आज्ञा लिहून पाठवली, तर पडद्यामागचा डेटाबेस ती निमूटपणे पाळतो, हे त्यांनी उदाहरणांसह दाखवले. ही गोष्ट आपण मायक्रोसॉफ्टला आधीच कळवली होती आणि त्यांच्या मते यात अडचण अशी काही नाही, असेही त्यांनी काहीशा खोचकपणे नमूद केले आहे. पुढे ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हल्ल्याचे हे पहिले जाहीर वर्णन मानले जाते.

दोषाचे मूळ मात्र याहून बरेच जुने आहे. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचा रिलेशनल सिद्धान्त प्रसिद्ध केला. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा सुचवली. तीच पुढे एसक्यूएल झाली. बॉइस यांचे त्याच वर्षी अकाली निधन झाले. संगणकतज्ज्ञ नसलेल्या माणसालाही इंग्रजीसारख्या वाक्यांत थेट प्रश्न विचारता यावा, हा या भाषेमागचा उदार हेतू होता. प्रश्न विचारणारा संस्थेतलाच, ओळखीचा माणूस असणार, हे तेव्हा इतके स्वाभाविक होते की ते कोणी बोलूनही दाखवले नाही. १९९० च्या दशकात वेबने हे गृहीतक मोडले. आता प्रश्नाचा अर्धा भाग प्रोग्रॅमर लिहू लागला आणि उरलेला अर्धा जगाच्या पाठीवरचा कोणीही अनोळखी माणूस.

हे दोन अर्धे जोडले कसे जातात, ते एका आडनावावरून स्पष्ट होईल. वसईत, मुंबईत, गोव्यात डिसूझा हे आडनाव घरोघरी आढळते. रोमन लिपीत ते लिहिताना ‘डी’नंतर एकेरी अवतरणचिन्हासारखे एक चिन्ह येते. एसक्यूएलमध्ये मजकूर कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, हे नेमके त्याच चिन्हाने दाखवतात. प्रोग्रॅमने नाव जसेच्या तसे वाक्यात चिकटवले, की डेटाबेसच्या दृष्टीने नाव ‘डी’पाशीच संपते आणि उरलेला ‘सूझा’ हा आज्ञेचा भाग ठरतो. आज्ञा निरर्थक असल्याने अर्ज अडकतो. ज्या चिन्हापाशी डिसूझाबाईंचा अर्ज अडतो, त्याच चिन्हातून चोर आत शिरतो. तो नावाच्या जागी अवतरणचिन्ह टाकतो आणि पुढे ‘किंवा १ = १’ या अर्थाची अट जोडतो. एक बरोबर एक हे विधान नेहमीच खरे. त्यामुळे परवलीच्या शब्दाची तपासणी निष्प्रभ होते किंवा तक्त्यातील सर्व ओळी बाहेर येतात.

यावरचा उपाय सोपा आहे. प्रश्नाचा सांगाडा आधी पाठवायचा, नावाच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह ठेवायचे. डेटाबेसने वाक्याचा अर्थ लावल्यानंतर नाव वेगळे पाठवायचे. मग त्या नावात काहीही असले तरी ते नावच राहते. परंतु ज्या पीएचपी आणि मायएसक्यूएल या जोडीने असंख्य छोटी संकेतस्थळे उभी केली, तिच्यात ही सोय २००४ च्या सुमारासच आली. तोवर पीएचपीने ‘मॅजिक कोट्स’ नावाची मलमपट्टी केली होती: येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी एक तिरकी रेघ आपोआप घालायची. रोग बरा झाला नाही, पण लोकांची आडनावे पडद्यावर तिरक्या रेघांसह दिसू लागली! २०१२ मध्ये ही सोय काढून टाकण्यात आली. या साऱ्याचा दोष निष्काळजी प्रोग्रॅमरांवर ढकलण्याची रीत आहे. माझ्या मते मोठा वाटा शिकवणाऱ्यांचा आहे. वाक्ये चिकटवण्याची पद्धत कित्येक पाठ्यपुस्तकांत पहिल्याच धड्यात होती.

डेटाबेसला धोका केवळ अर्जाच्या चौकटीतूनच होता असेही नाही. २५ जानेवारी २००३, शनिवार. भारतात सकाळचे सुमारे अकरा वाजले असताना ‘स्लॅमर’ हा अवघा ३७६ बाइटांचा किडा पसरू लागला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० मधील स्मृतिमर्यादा ओलांडण्याचा एक दोष त्याने वापरला. आरंभी बाधित यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होती; दहा मिनिटांत हल्ल्याला बळी पडू शकणाऱ्या यंत्रांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाधित झाली. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची हजारो एटीएम यंत्रे ठप्प झाली. दोषावरची दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती. पण कित्येकांना आपल्या यंत्रात डेटाबेस आहे हेच ठाऊक नव्हते. तो दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरसोबत मुकाट्याने आलेला होता.

पुढचा टप्पा तर कुलूपच नसलेल्या दारांचा. २०१६-१७ च्या हिवाळ्यात मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसून खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. ते परवलीच्या शब्दाविना थेट इंटरनेटवर उघडे होते. भारतातही हेच घडत होते. मे २०१७ मध्ये ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’च्या अहवालाने चार सरकारी संकेतस्थळांवरून १३ ते १३.५ कोटी आधार क्रमांक सार्वजनिकरीत्या उपलब्ध झाले असावेत, असा अंदाज मांडला. जानेवारी २०१९ मध्ये स्टेट बँकेच्या ‘एसबीआय क्विक’ सेवेचे ग्राहकांना जाणारे संदेश परवलीचा शब्द नसलेल्या एका सर्व्हरवरून वाचता येत असल्याचे वृत्त आले. या दोन्ही प्रकरणांत फोडायला काही नव्हतेच. २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्ये अशा घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले; २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली.

आणि ते जुने अवतरणचिन्ह? मे २०२३ मध्ये ‘मूव्हइट’ या फाइल-देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरमधील एसक्यूएल इंजेक्शनचा दोष वापरून एका टोळीने जगभरातील शेकडो संस्थांची माहिती पळवली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी सॉफ्टवेअर कंपन्यांना हा दोष समूळ नाहीसा करण्याचे जाहीर आवाहन केले. फॉरिस्टल यांच्या लेखाला तेव्हा पंचवीस वर्षे उलटून गेली होती.