वाटाड्याचा परवाना

२००९ साली आमच्या कॅलगरीच्या ऑफिसात ह्यूस्टनहून आलेला एक मॅनेजर होता. माणूस अत्यंत शिस्तीचा. त्याच्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये कुणी आजारी पडायचं असेल तर त्यालाही एक रो असायची. एकदा लंचच्या वेळी त्याच्या स्क्रीनवर नवीनच एक्सेल शीट उघडी दिसली. मला वाटलं पुढच्या रिलीजची असेल. नाही! साहेब ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला मूसच्या शिकारीला निघाले होते. (मूस म्हणजे सांबराचा लांबचा भाऊ, पण उंचीला घोड्याला मागे टाकणारा. रस्त्यात गाडीसमोर आला तर गाडीचंच काही खरं नाही.)

मी कोकणस्थ घरातला, शिकार म्हणजे जिम कॉर्बेटचं पुस्तक एवढंच ठाऊक. पण शीट मोठी वाचनीय होती. बंदूक देशात आणायचा फॉर्म, त्याची २५ डॉलर फी, साठ दिवसांची मुदत. लायसन्स, टॅग. मांसाचं काय करायचं (तिथल्या कायद्यानं मूसचं खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येता येत नाही, उचलून आणावंच लागतं). आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, एकच शब्द: गाईड. बाकी सगळ्या रो त्या एका रोवर अवलंबून. डिपेंडन्सीच म्हणा ना.

"एवढा नेमबाज तू, आणि बोट धरायला माणूस लागतो?" मी विचारलं.

"मला नाही लागत, कायद्याला लागतो," तो म्हणाला.

खरंच आहे. परदेशी माणसाला ब्रिटिश कोलंबियात मूस, अस्वल, रानमेंढा असं मोठं जनावर मारायचं असेल तर परवानाधारक गाईड (किंवा खास परमिट काढलेला तिथला रहिवासी) सोबत हवाच. युकॉनमध्येही बाहेरच्याला एकट्यानं जाता येत नाही. आणि गाईडही कुणी उठून होत नाही. जंगलाचे तुकडे पाडलेले असतात आणि एकेका तुकड्यात बाहेरच्यांना शिकारीला न्यायचा हक्क एकेका आउटफिटरचा असतो. आउटफिटर म्हणजे घोडे, तंबू, शिधा आणि वाटाडे पुरवणारा ठेकेदार. हा हक्क विकता येतो, विकत घेता येतो. रानमेंढ्याच्या एका शिकारीचे आज पन्नास हजार अमेरिकन डॉलर आणि वरही पडतात, म्हणजे हा हक्क काय किमतीचा असेल बघा.

तर मला तेव्हापासून एक किडा चावला. जंगलात वाट दाखवायचा परवाना पहिल्यांदा कुणी कुणाला दिला? म्हणजे, ज्याला वाट माहीत होती त्याला की आणखी कुणाला?

पहिलं उत्तर कॅलगरीहून सव्वाशे किलोमीटरवर बॅन्फला मिळतं. आपण सगळे तिथे जातो, घरून आई-बाबा आले की हमखास. १८८५ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे पूर्ण झाली आणि लगोलग बॅन्फच्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती राखीव जागा आखली गेली. १८८७ साली तिचं रीतसर राष्ट्रीय उद्यान झालं. रेल्वेला प्रवासी हवे होते, म्हणून शिकार आणि मासेमारीच्या जाहिराती सुरू झाल्या. घोड्यांचे तांडे घेऊन पाहुण्यांना डोंगरात नेणारे लोक तयार झाले: टॉम विल्सन, बिल पेटो, जिमी सिम्पसन. सिम्पसन १८९६ साली इंग्लंडहून आलेला पोरगा. आधी विल्सनकडे उमेदवारी केली आणि मग स्वतःच मोठा आउटफिटर झाला. १९१० साली त्यानं कार्ल रुंगियस या प्राणिचित्रकाराला, एका चित्राच्या बदल्यात फुकट सफर घडवतो, असं सांगून बोलावून घेतलं. असला बार्टर मला फार आवडतो. रुंगियस मग वर्षानुवर्षं येत राहिला.

आता याच डोंगरात स्टोनी नाकोडा लोक पिढ्यान् पिढ्या शिकार करत होते. १८७७ च्या सातव्या तहात त्यांनी जमीन सोडली, पण शिकारीचा हक्क तहात राखला होता. मग उद्यान झालं, नियम झाले, आणि जनावरं कमी होताहेत त्याला स्टोनीच जबाबदार, असं म्हटलं जाऊ लागलं. हळूहळू त्यांना उद्यानातून बाहेर काढलं गेलं. टेड बिनेमा आणि मेलनी नीमी या अभ्यासकांनी २००६ साली यावर एक चांगला लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की हे 'निर्मनुष्य अरण्य' हवं म्हणून झालं नाही. शिकारीच्या हौशी पाहुण्यांसाठी जनावरं राखायची होती आणि पर्यटन वाढवायचं होतं, म्हणून झालं. म्हणजे पोटासाठी मारणारा तो गुन्हेगार आणि भिंतीवर लावायला मारणारा तो पाहुणा. सिम्पसनला 'वुल्व्हरीनसारखा झपाझप चालणारा' अशा अर्थाचं नाव स्टोनींनीच दिलं होतं, आणि ते तो अभिमानानं मिरवायचा. आज पेटोच्या नावाचं तळं आहे, सिम्पसनच्या नावाचा डोंगर आहे. पेटो लेकपुढे उभं राहून काढलेला फोटो आपल्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये असतो. माझ्याही आहे.

पण मला खरा गुंतवून ठेवणारा माणूस भेटला तो आणखी उत्तरेला, युकॉनच्या कारक्रॉसमध्ये.

कारक्रॉस म्हणजे 'कॅरिबू क्रॉसिंग'चं आखूड रूप. कॅरिबूंचे कळप जिथून पाणी ओलांडायचे ती जागा. १९०० साली व्हाईट पास रेल्वेचा शेवटचा खिळा तिथे ठोकला गेला. तोवर क्लोंडाईकच्या सोन्याची धामधूम ओसरत आली होती. पण त्या गाडीनं आता दुसऱ्या प्रकारचे लोक येऊ लागले. आफ्रिकेत नाव कमावलेला फ्रेडरिक सेलूस १९०४ आणि १९०६ साली युकॉनला येऊन गेला आणि १९०७ साली त्यानं त्यावर पुस्तक काढलं. ते वाचून किती जणांनी सामान बांधलं असेल, कल्पना करा.

त्या काळचं प्लॅनिंग म्हणजे पत्रव्यवहार. ना ईमेल ना फोन, पत्र जाऊन उत्तर यायला आठवडे. हिवाळ्यात पत्रापत्री करून तारखा आणि पैसे ठरवायचे. ऑगस्टमध्ये सिॲटल किंवा व्हँकुव्हरहून बोटीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं स्कॅगवेला. तिथून छोट्या रुळांच्या गाडीनं खिंड चढून कारक्रॉस. स्टेशनावर उतरलं की पुढे सगळं गाईडच्या हाती: घोडे, पीठ, बेकन, तंबू, नद्यांचे उतार. महिना-महिना मुक्काम डोंगरात. माणूस चुकीचा निवडला असेल तर परतीचं तिकीट वाया.

अशा वेळी ज्याच्या नावानं पत्रं यायची तो जॉनी जॉन्स. जन्म १८९८, टॅगिश समाजातला. त्याची बहीण अँजेला सिडनी पुढे आपल्या लोकांच्या कथा सांगणारी म्हणून गाजली, १९८६ साली तिला ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाला. जॉनीला तो मुलूख तळहातासारखा पाठ. कोणत्या कड्यावर रानमेंढे कधी येतात, कोणत्या खोऱ्यात वारा कधी फिरतो. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. आजसुद्धा गाईडचं निम्मं कौशल्य दुर्बिणीत असतं: मेंढ्याच्या शिंगाला दरवर्षी एक वळं पडतं, ती वळी लांबून मोजून जनावर आठ वर्षांचं झालंय की नाही हे सांगावं लागतं. चुकलात तर गुन्हा. मला तर समोर ठेवलेल्या मेंढीचंही वय सांगता यायचं नाही.

आणि या माणसाला मुख्य गाईडचा परवाना मिळेना! कारण युकॉनच्या त्या वेळच्या नियमांत मुख्य गाईड 'इंडियन' असून चालत नसे. सहायक म्हणून चालायचा. म्हणजे घोडे हाकावेत, जनावर शोधावं, कातडी सोलावी, पाठीवरून मांस वाहावं. पण धंदा त्याच्या नावावर नाही. (इथला 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे हे सांगायला नको. कॅनडात १८७६ चा 'इंडियन ॲक्ट' अजूनही त्याच नावानं लागू आहे. सुरुवातीला पेपरात ते नाव वाचून मी दचकायचो.)

त्यावर एक तोड होती. कायद्यानं 'इंडियन' असणं सोडून द्यायचं. याला 'एन्फ्रँचाइझमेंट' असं भारदस्त नाव होतं, जणू काही बक्षीसच. अर्ज करायचा, मग तुम्ही कागदोपत्री इंडियन उरत नाही. तहाखालचे आणि आपल्या समाजातले हक्क जातात, सहसा बायकामुलांचेही जातात. बदल्यात तुम्ही इतर नागरिकांसारखे. मत देता येतं (स्टेटस असलेल्या इंडियनांना देशाच्या निवडणुकीत विनाअट मत मिळालं ते थेट १९६० साली), आणि मुख्य गाईडचा परवाना काढता येतो.

जॉनी जॉन्सनं स्टेटस सोडलं आणि परवाना घेतला. पुढे कित्येक वर्षं तो युकॉनमधला सगळ्यांत नावाजलेल्या आउटफिटरांपैकी एक होता, लांबलांबचे श्रीमंत लोक त्याच्याकडे यायचे. १९८८ साली तो गेला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूप वेळ तसाच बसून होतो. २०१५ साली मी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आणि भारताचा पासपोर्ट जमा केला. त्यावर 'रद्द' चा शिक्का बसला तेव्हा घशात काहीतरी अडकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण माझं नि त्याचं एका पारड्यात घालायला मन धजत नाही. मी घर सोडून आलो होतो, मला सोय हवी होती. जॉनी कुठेही गेला नव्हता. जे काम तो आधीपासून करत होता तेच काम, त्याच डोंगरात, आपल्या नावानं करायला त्याला सही करावी लागली.

शिकारीच्या नोंदवह्या काढून बघा, तिथेही तीच तऱ्हा. स्टोन जातीच्या मेंढ्याचा विक्रम आजही १९३६ सालचा आहे, उत्तर ब्रिटिश कोलंबियातला, दोन्ही शिंगं ५० इंचांहून लांब. त्याला 'चॅडविक रॅम' म्हणतात. चॅडविक हा ओहायोहून आलेला पाहुणा. सोबतच्या तीन वाटाड्यांची नावं शोधावी लागतात. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा! १९५० च्या दशकात नागपूरला 'ऑल्विन कूपर' नावाची कंपनी परदेशी पाहुण्यांना वाघाच्या शिकारीला न्यायची. चालवायचे विद्याचरण शुक्ल, जे पुढे केंद्रात मंत्री झाले. हाक्याला असायची जंगलालगतच्या गावांतली माणसं. त्यांची नावं कोण लिहून ठेवतो? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो सगळा कारभार संपला.

पण सगळीकडे गाडं एकाच दिशेनं गेलं असंही नाही. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट गावांत उलट झालं. तिथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस ध्रुवीय अस्वलांचा कोटा ठरला: अमुक गावाला वर्षाला इतकी अस्वलं. १९७३ साली ऑस्लोमध्ये पाच देशांचा करार झाला. त्या चौकटीत कॅनडानं बाहेरच्या शिकाऱ्यांना वाव ठेवला, पण अट घातली. गाईड तिथलाच इनुइट हवा आणि शिकार कुत्र्यांच्या स्लेजवरूनच. गावाच्या कोट्यातले किती टॅग पाहुण्यांना विकायचे ते गावानं ठरवायचं. पाहुणा हात हलवत परत गेला तर तो टॅग पुन्हा वापरायचा नाही. म्हणजे पैसे गावाला मिळाले आणि अस्वलही वाचलं! स्नोमोबिल आल्यावर कुत्र्यांची गरज संपत चालली होती, काही गावांत ती टिकली ती या शिकारीच्या पैशावर. इथे वाट माहीत असणाराच परवान्याचा मालक.

मग २००८ च्या मे महिन्यात अमेरिकेनं ध्रुवीय अस्वल धोक्यातल्या यादीत घातलं आणि ट्रॉफी देशात न्यायला बंदी आली. चाळीसेक अमेरिकन शिकाऱ्यांची कातडी सीमेच्या अलीकडेच अडकली. अमेरिकन गिऱ्हाईक आटलं. गावाचा कोटा मात्र होता तिथेच. त्या टॅगवर आता गावकरीच अस्वल मारणार, पाहुण्याच्या पैशाशिवाय. बंदी चूक होती असं मी म्हणत नाही, बर्फ वितळतोय हे खरंच आहे. पण निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला आणि कुत्र्यांच्या खाण्याचा खर्च इथे कुणाच्या अंगावर पडला, हेही लिहायला हवं.

ब्रिटिश कोलंबियात तर आणखीच मजा. २००५ साली रेनकोस्ट या संवर्धन संस्थेनं किनाऱ्यावरच्या फर्स्ट नेशन्सच्या साथीनं साधारण २४ हजार चौरस किलोमीटरचा आउटफिटरचा हक्क चक्क विकत घेतला, पाहुण्यांना अस्वलं मारायला नेऊ नये म्हणून. किंमत साडेतेरा लाख डॉलर. व्यवस्था तीच, कागद तोच, मालक फक्त बदलला. २०१७ च्या डिसेंबरात प्रांतानं ग्रिझलीची शिकारच बंद केली. फर्स्ट नेशन्सचे पारंपरिक हक्क तेवढे ठेवले.

ह्यूस्टनवाल्या साहेबांचं काय झालं? दहा दिवस जंगलात काढले, मूस दोनदा दिसला, दोन्ही वेळा पुरेसा जवळ आला नाही. परत आला तो भलताच खूश. पुढच्या वर्षीची शीट त्याच आठवड्यात उघडली होती. तो अजूनही जातो, अजूनही त्याला गाईड लागतो. मी आता आल्बर्टाचा रहिवासी, त्यामुळे मला इथे कायद्यानं कुणी वाटाड्या लागत नाही. नवशिक्यांची परीक्षा पास व्हायची, लायसन्स काढायचं आणि थेट जंगलात शिरायचं. परवा त्यानं ईमेलमध्ये खवचटपणे लिहिलंय, "तू तर लोकल!"

परीक्षेचं पुस्तक लायब्ररीतून आणलंय. मूस ओळखण्याच्या पानापर्यंत पोचलोय.