गोदावरीच्या पात्रातील शीड : एका अभावाचा विचार

मराठवाड्यातील दळणवळणाचा इतिहास लिहिताना लमाणांचे तांडे, बैलगाड्या आणि पुढे आलेले लोहमार्ग यांचा परामर्श अभ्यासक घेतात. नौकेचा उल्लेख मात्र उतारूंची ने-आण करणाऱ्या नावेपलीकडे क्वचितच जातो. हा उल्लेख त्रोटक असण्यास कारणही आहे. नांदेड परिसरातील गोदावरीवर किंवा लातूर जिल्ह्यातील मांजरेवर चालत आलेली वाहने पाहिली, तर भोयांची नाव, एका खोडाचा डोंगा, भोपळ्यांची सांगड, आणि प्रसंगी गूळ करण्याची काहीलसुद्धा आढळते. ही सारी वाहने वल्ह्याने, वेळूने किंवा हाताने चालावयाची. शीड हा शब्द मराठवाड्यातील माणसाला परका नाही. परंतु शीड ही वस्तू त्याच्या नदीवर रुजली नाही.

या अभावाचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. एखाद्या प्रदेशात एखादे साधन नसले, की तेथील लोकांना ते ठाऊक नव्हते किंवा ते घडविण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी नव्हते, असे अनुमान सहज काढले जाते. मराठवाड्याच्या बाबतीत तर ‘मागासलेपण’ या एका शब्दाने पुष्कळ प्रश्न विचारण्यापूर्वीच निकालात निघतात. शिडाच्या बाबतीत हे अनुमान टिकत नाही, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

१. साहित्य आणि परिचय

लहान नौकेचे शीड घरच्या घरी करावयाचे तर काय लागते? घट्ट विणीचे कापड, ते शिवण्यास सूत व सुई, काठांना बळकटी देण्यास दोर, डोलकाठीसाठी हलका पण चिवट वासा, आणि ओलीने कापड कुजू नये म्हणून एखादा कषाय द्रव. यांपैकी कोणती वस्तू मराठवाड्यात दुर्मिळ होती? गावरानी कापसासाठी नांदेड-परभणीचा प्रदेश प्रसिद्ध होता आणि नांदेडच्या तलम वस्त्रांचाही लौकिक होता. किनवटच्या जंगलात साग आणि बांबू आहेत. राहिला कषाय द्रव. खैराच्या लाकडापासून निघणारा कात एकोणिसाव्या शतकात आशियातून युरोपात जात असे, आणि तेथील कोळी आपली जाळी व शिडे त्यात बुडवून तांबूस करीत. जो कात आपण विड्यात घालतो, त्यानेच दूरदेशीच्या शिडांचे आयुष्य वाढत होते.

परिचयाविषयी म्हणावयाचे, तर त्याचे पुरावे याहून जुने आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी लेखकाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात पैठण व तगर या दोन नगरांचा निर्देश आहे. तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथून साधे कापड व नाना प्रकारची तलम वस्त्रे गाड्यांवरून भडोच बंदराकडे जात, असे तो सांगतो. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर हे स्थळनिश्चयन केले आणि ते आज सर्वमान्य आहे. तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत तेर व लातूर एकाच जिल्ह्यात होते.

या व्यापारमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मिसर देशाच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदराच्या उत्खननात, रोमन काळातील शिडांचे तुकडे सापडले आहेत. ते सुती आहेत, त्यांच्या सुताचा पीळ भारतीय पद्धतीचा आहे, आणि कापडावर बळकटीसाठी पट्ट्या शिवलेल्या आहेत. हे कापड तेरच्याच मागावरचे होते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु भारतीय सुती कापड शिडासाठी वापरले जात होते आणि त्या काळी तेरचे कापड त्याच सागरी व्यापारात उतरत होते, एवढे निश्चित. शिवाय अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे. त्याला तीन डोलकाठ्या आणि त्यांवर उंच, अरुंद, चौकोनी शिडे आहेत. नाळेवर डोळा रंगविलेला असून जहाजात रांजण मांडलेले दिसतात. समुद्रापासून एवढ्या अंतरावर, डोंगराच्या पोटात, पाचव्या शतकातील चित्रकाराने शिडाचे जहाज तपशिलाने रंगविले, यावरून शिडाची कल्पना या प्रदेशात अपरिचित नव्हती हे उघड आहे.

साहित्य होते, कसब होते, परिचयही होता. तरी नदीवर शीड उभे राहिले नाही. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

२. वारा आणि प्रवाह

हे कारण शोधण्यासाठी जेथे नदीवर शीड भरभराटीस आले अशा नद्यांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि तेथील वारा बहुतेक काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. परिणामी प्रवाहाबरोबर खाली जावयाचे तर शीड उतरवून ठेवावे आणि वर यावयाचे तर ते उभारावे, अशी निसर्गानेच घालून दिलेली सोय तेथे आहे. प्राचीन मिसरी चित्रलिपीत दक्षिणेकडे जाणे हे शीड उभारलेल्या नौकेने आणि उत्तरेकडे जाणे हे शीड उतरविलेल्या नौकेने दर्शवीत. गंगेच्या मैदानातही पावसाळी वारा बहुधा पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट वाहतो. आणि तेथेही चौकोनी शिडांच्या मालवाहू नौका या वाऱ्यावर नदी चढून जात.

गोदावरीची स्थिती याच्या नेमकी विरुद्ध आहे. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून ती पैठण, गंगाखेड, नांदेड या मार्गाने पूर्वेस व आग्नेयेस वाहते. पावसाळ्यात तिला पाणी असते, तेव्हा मराठवाड्यावरील वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे वारा आणि प्रवाह यांची दिशा सामान्यतः एकच. खाली जाणाऱ्या नौकेला शिडाची गरज नाही, कारण पूरच तिला नेतो. आणि वर येणाऱ्या नौकेला शिडाचा उपयोग नाही, कारण वाराही तिच्या तोंडावर असतो. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून येतो हे खरे. परंतु तो मंद असतो, आणि तोपर्यंत पात्रात सलग पाणी उरत नाही. डोह, वाळूचे पट्टे, काळ्या पाषाणाचे उंबरठे आणि दोन्ही तीरांच्या उंच दरडी अशा पात्रात शिडाच्या नौकेने किती मजल मारावी?

या कारणास इतिहासाचीही साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वऱ्हाडचा कापूस जलमार्गाने पूर्व समुद्राकडे नेण्याची योजना सर आर्थर कॉटन व त्यांचे सहकारी कॅप्टन हेग यांनी पुरस्कारिली. तीतही निवड झाली ती खालची गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या मार्गाची. नांदेडवरून येणारी मुख्य धारा त्या मार्गात नव्हती. पुढे १८७१ मध्ये ही योजनाही खडकांच्या अडथळ्यांपुढे सोडून द्यावी लागली. मराठवाड्याचा कापूस अखेर रुळांवरून गेला : विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–हैदराबाद मार्ग नांदेडवरून सुरू झाला आणि १९११ मध्ये बार्शीची अरुंदमापी गाडी लातूरला पोहोचली.

यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, मराठवाड्यातील नौका ही नदीतून प्रवास करणारी नव्हे, नदी ओलांडणारी नौका आहे. तिला ऐलतीराहून पैलतीरास जावयाचे असते. आणि आडव्या, अल्प अंतराच्या, वेगवान पाण्यातील या कामास वेळू आणि वल्हे हीच योग्य साधने होत. गोदातीरी घडलेल्या संतवाङ्मयात नौकेची प्रतिमा आली, ती प्रामुख्याने तारून नेणारी, पैलतीरास लावणारी म्हणून आली, हेही या दृष्टीने लक्षणीय आहे. शिडाचा अभाव हा येथे अज्ञानाचा नव्हे, तर अनुभवाने केलेल्या निवडीचा परिणाम होय.

३. लहान नौकेचे शीड

शिडाचा विचार मोठ्या जहाजांच्या संदर्भात करण्याची आपणास सवय आहे. परंतु एका माणसाने वल्हवावयाच्या नौकेलाही शिडाचा स्वतंत्र इतिहास आहे. कायाक ही उत्तर ध्रुवाकडील लोकांची, कातड्याने मढविलेली अरुंद नौका. तिच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये जॉन मॅक्ग्रेगर याने १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाची १५ फूट लांबीची लाकडी नौका बांधून घेतली. दुपाती वल्ह्याच्या जोडीला तिच्यावर छोटेसे शीडही होते, आणि तिच्यातून त्याने युरोपातील नद्या-सरोवरांचा प्रवास केला. १९३२ मध्ये ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण घडीच्या कायाकमधून निघाला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या परिसरात पोहोचला. या प्रवासात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून जातानाही त्याच्या नौकेवर एक लहान शीड होते. दोघांच्याही नौकांत मुख्य साधन वल्हे हेच होते. शीड हे हातांना विसावा देणारे साहाय्यक होते.

अशा शिडाचे गणित साधे पण कठोर आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीड चौरस मीटरचे शीड घेतले, तर सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात त्यावर सुमारे अडीच ते तीन किलो वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला, की तोच जोर चौपट होऊन दहा-बारा किलोंवर जातो. अरुंद नौका कलंडण्यास एवढा पुरेसा आहे. म्हणून शीड लहान व बुटके असावे, आणि त्याच्या मोकळ्या कोपऱ्याचा दोर पक्का न बांधता हाती धरावा, म्हणजे झोत येताच तो सोडता येतो. कायाकच्या तळाला खोल कणा नसल्याने आडव्या वाऱ्यात ती बाजूस घसरते. ते टाळावयाचे तर कुशीला एक फळी पाण्यात सोडावी लागते. कापडाच्या कडा सरळ कापल्या, तर शीड सपाट राहते. त्या किंचित बाहेरगोल कापून सरळ काठीवर ताणल्या, म्हणजे शिडाला पोट येते आणि ते वारा धरते. जेथे दोर ओवला जातो ते कोपरे दुहेरी-तिहेरी कापडाने बळकट करावे लागतात. बेरेनिकेच्या तुकड्यांवरील पट्ट्यांमागचे प्रयोजनही हेच. आज हेच काम ताडपत्री आणि बांबू यांवर होते, आणि या दोन्ही वस्तू मराठवाड्यातील कोणत्याही आठवडी बाजारात मिळतात.

४. बदललेले पाणी

वरील विवेचन वाहत्या नदीविषयी झाले. परंतु गेल्या अर्धशतकात मराठवाड्यातील पाण्याचे रूपच पालटले आहे. जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब व २७ किलोमीटर रुंद आहे. नांदेडजवळ विष्णुपुरी, लातूरला पाणी पुरविणारे धनेगावचे मांजरा धरण, कंधार–लोह्याकडील मानार व लिंबोटी हे जलाशयही त्यानंतरच्या किंवा त्याच सुमाराच्या पिढीने पाहिले. कंधारच्या राष्ट्रकूटकालीन तलावाला ‘जगत्तुंगसमुद्र’ असे नाव आहे. समुद्र हा शब्द तेव्हा गौरवार्थी होता, आज तो नाथसागराच्या बाबतीत जवळजवळ वर्णनपर झाला आहे.

या जलाशयांत प्रवाह नाही. वारा मोकळा आहे, आणि त्याला धावण्यास पुष्कळ पाणी आहे. ज्या दोन कारणांनी गोदावरीने शीड नाकारले, ती दोन्ही येथे दूर झाली आहेत. मासेमारी करणारा भोई मात्र अद्याप नदीच्याच साधनांनी सरोवर ओलांडतो. सांगडीच्या जागी थर्मोकोलचा तराफा आला, परंतु वाऱ्याशी त्याचे नाते पूर्वीचेच राहिले : वारा हा त्याचा प्रतिपक्ष. दीड चौरस मीटरच्या ताडपत्रीने परतीच्या वाटेवरील त्याचे श्रम काही अंशी हलके होणे शक्य आहे, हे वरील गणितावरून दिसेल. अर्थात शीड तराफ्यावर नव्हे, तर वळविता येईल अशा निमुळत्या नौकेवर शोभते, आणि तिच्यावर बसणाऱ्याने तरंगजाकीट घालणे अगत्याचे आहे.

येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. हे पाणी शाश्वत नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. जेथे जलाशयाच्या तळाला भेगा पडतात, तेथे नौकेची परंपरा रुजण्यास किती अवधी मिळणार, हा प्रश्न रास्त आहे.

५. उपसंहार

साधनांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा उपस्थित वस्तूंचा विचार करतो. अनुपस्थित वस्तूंचाही इतिहास असतो, आणि तो वाचण्यासाठी लोकांच्या बुद्धीचे नव्हे, तर वारा, पाणी व वाट यांचे मोजमाप आधी घ्यावे लागते. मराठवाड्याने शिडाचे कापड विणले असेल. शिडाचे चित्र तर त्याने निश्चित रंगविले. पण स्वतःच्या नदीवर शीड उभारले नाही, कारण त्या नदीवर ते निरर्थक होते. ज्यांनी हा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या अमलात आणला त्या नावाड्यांनी तो कोठे लिहून ठेवला नाही. डोह कोठे, उतार कोठे, कोणत्या महिन्यात वारा कोणत्या अंगाचा, हे ज्ञान त्यांच्या बोलण्यात आहे. पूल झाले, धरणे झाली, आणि नाव चालविलेली पिढी वृद्ध झाली. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी गोदावरी, मांजरा, तेरणा व मन्याड यांच्या तीरांवर जाऊन हे शब्द आणि हे अनुभव टिपून घेतले, तर या लेखातील अनुमान पडताळून पाहता येईल. आणि ते चुकीचे ठरले, तरी संग्रहाचे मोल कमी होणार नाही.