तरंगत्या सुईचा प्रयोग

तरंगत्या सुईचा प्रयोग हा पाण्याचा पृष्ठताण दाखविणारा सोपा शालेय प्रयोग आहे. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट असूनही शिवणाची सुई या प्रयोगात पाण्याच्या पृष्ठभागावर टिकून राहते.

साहित्य व कृती

पसरट भांडे, स्वच्छ पाणी, कोरडी सुई, टीपकागदाचा तुकडा आणि साबणाचे पाणी एवढे साहित्य पुरते. सुई टीपकागदावर आडवी ठेवून कागद अलगद पाण्यावर सोडतात. कागद भिजल्यावर काडीने हलकेच खाली दाबला असता तो बुडतो व सुई वर राहते. तिच्याभोवती पृष्ठभाग किंचित दबलेला दिसतो. भांड्याच्या कडेला साबणाच्या पाण्याचा थेंब सोडताच सुई तळाशी जाते. भांड्याला आधीच साबणाचा अंश लागलेला असल्यास प्रयोग साधत नाही. सुईला बोटाचा किंचित तेलकटपणा लागलेला असणे मात्र उपयुक्त ठरते.

स्पष्टीकरण

पाण्याच्या अंतर्भागातील रेणूवर सर्व बाजूंनी सारखे आकर्षण असते. पृष्ठभागावरील रेणूवर ते मुख्यतः बाजूने व खालून असते. त्यामुळे पृष्ठभाग आपले क्षेत्रफळ कमीत कमी ठेवू पाहतो आणि ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २०° से. तापमानाला सुमारे ०.०७३ न्यूटन प्रति मीटर असतो, ४०° से. तापमानाला तो सुमारे ०.०७० इतका उतरतो. म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यातही हा प्रयोग करता येतो.

चार सें.मी. लांबीच्या सुईला दोन्ही बाजूंनी मिळून जास्तीत जास्त सुमारे ०.६ ग्रॅम वजनाइतका आधार मिळू शकतो. अशा बारीक सुईचे वस्तुमान साधारण ०.१५ ग्रॅम असते. तीच सुई टोकावर उभी सोडली, तर पाण्याला स्पर्श करणारी कडा अगदी लहान राहते व सुई बुडते.

सुई लाकडाप्रमाणे तरंगते, हा समज बरोबर नाही. लाकडाला प्लावक बल पुरेसे असते. सुईचा भार मात्र मुख्यतः पृष्ठताण पेलतो. साबणामुळे पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो, तरी तेवढ्याने बारीक सुई बुडेलच असे नाही. साबणाचे पाणी सुईला सहज भिजवते, पृष्ठभाग तिच्यावर चढतो आणि आधार नाहीसा होतो. ताण कमी होणे आणि सुई भिजणे ही दोन्ही कारणे एकत्र घडतात.

इतिहास

जर्मनीतील आग्नेस पॉकेल्स यांनी विद्यापीठीय शिक्षण नसताना घरच्या साध्या साधनांनी पृष्ठताणाचा अभ्यास केला. लॉर्ड रॅले यांच्या पुढाकाराने त्यांचे पत्र १८९१ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारतात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वक्रतेच्या साहाय्याने द्रवांचा पृष्ठताण मोजण्याच्या पद्धतीवर लिहिलेला निबंध १९०७ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये छापून आला. वित्त विभागातील अधिकारी म्हणून रामन १९१० मध्ये काही काळ नागपूरला होते. शहरातील गांधीसागर तलावाजवळच्या रामन विज्ञान केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

व्यवहारातील महत्त्व

डासांच्या बहुतेक जातींच्या अळ्या श्वासनलिकेचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून लटकतात व हवा घेतात. या टोकाला पाणी भिजवत नाही, म्हणूनच पृष्ठभाग त्यांना धरून ठेवतो. पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरल्यास पृष्ठताण घटतो, तेल श्वासनलिकेत शिरते आणि अळ्या गुदमरून मरतात. साचलेल्या डबक्यांत तेल टाकण्याच्या जुन्या उपायामागे हेच तत्त्व आहे. पिण्याच्या किंवा वापराच्या पाण्यात तेल टाकता येत नाही. नागपुरात घरोघरी असणाऱ्या कूलरच्या टाकीत डेंग्यू पसरविणारा एडिस डास अंडी घालू शकतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्यामुळे टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करणे हा सुरक्षित उपाय ठरतो.